हात शाबूत, नेम चुकतो

मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या घरांतून या सदराला अधूनमधून पत्रे येतात. सांगली जिल्ह्यातल्या एक वाचक बाई मुलाकडे सहा महिने राहून आल्या. त्या लिहितात, "तिथे बेसबॉल नावाचा खेळ आहे. मुलगा आणि त्याचे शेजारी संध्याकाळी अंगणात उभे राहून वाद घालतात. आपल्या संघातला अमुक चेंडूफेक्या मार खातो आहे, तर त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोणी घ्यावा, की अजून थांबावे? माणूस म्हणजे काय बाजारातला बैल आहे, द्यायला आणि बदलून आणायला?"

शेवटचा प्रश्न वाचून हसू आले, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडेही आता आयपीएलमुळे हे कानावर पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातच्या संघातून मुंबईच्या संघात आला, तेव्हा गावोगावच्या पारावर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. अमेरिकेत हा व्यवहार शंभराहून जास्त वर्षे चालू आहे. तिकडचा शौकीन सामना जितक्या आवडीने पाहतो तितक्याच आवडीने या अदलाबदलीवर भांडतो.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो हात कोपरात वाकवून, दगड भिरकवावा तसा चेंडू फेकतो. टप्पा पडत नाही. ६० फूट ६ इंचांवरून चेंडू थेट फलंदाजापाशी येतो. फलंदाजापुढे गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच आणि १७ इंच रुंद अशी एक न दिसणारी चौकट धरलेली असते. तिच्यातले तीन चेंडू चुकले की फलंदाज बाद. पण चार चेंडू चौकटीबाहेर पडले आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. तेव्हा नुसत्या वेगाने भागत नाही, नेमही लागतो.

संघाचे वर्षाला १६२ सामने. एकाच माणसाचा हात रोज एवढा ताण सोसत नाही, म्हणून चार-पाच पिचर आळीपाळीने सामना सुरू करतात, पाटाच्या पाण्याची पाळी असते तशी. पाळीतला एक जण बिघडला की दर चौथ्या-पाचव्या दिवशी शेत कोरडे राहते. त्याला मोजायचे माप म्हणजे नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या. तीनच्या आत असेल तर उत्तम, चारच्या आसपास बेताचा, पाचच्या वर गेला की वाद सुरू.

आता १९७१ सालच्या न्यू यॉर्क मेट्स संघाकडे या. त्यांच्याकडे टेक्सास राज्यातल्या अल्विन गावचा नोलन रायन नावाचा २४ वर्षांचा पिचर होता. वेग विलक्षण, पण नेमाच्या नावाने बोंब. त्या वर्षी १५२ डावांत त्याने ११६ फलंदाजांना फुकट तळ दिला. १० सामने त्याच्या नावावर जिंकले, १४ हरले, सरासरी ३.९७. त्याच संघातल्या टॉम सीव्हरची सरासरी होती १.७६. एकाच गोठ्यातल्या दोन बैलांची तुलना होतच राहते, आणि ती कधी न्यायाची नसते.

रायनच्या अडचणी काय होत्या तेही पाहा. बोटांना फोड येत. कातडी राठ व्हावी म्हणून तो काकडीच्या लोणच्याच्या खारात बोटे बुडवून बसे. (तिकडचे लोणचे मिठाच्या पाण्यातले असते म्हणून हे जमले. आपल्या तिखटाच्या लोणच्यात कोणी बोट बुडवू नये.) शिवाय राखीव सैन्यात नाव असल्यामुळे हंगाम चालू असताना मधूनच हजेरीला जावे लागे. म्हणजे पाळी चुके, आणि पाळी चुकली की असलेला नेमही जाई. संघात सीव्हर आणि जेरी कूसमन यांच्यासारखे पिचर असताना रायनसाठी कोणी खोळंबून राहीना. पिकते तिथे विकत नाही, ते असे.

मेट्सचे दुखणे दुसरीकडेच होते. १९६२ साली संघ निघाल्यापासून तिसऱ्या तळावर टिकणारा माणूस त्यांना सापडत नव्हता. ही गळती बंद करण्यासाठी डिसेंबर १९६९ मध्ये त्यांनी एमॉस ओटिस हा तरुण खेळाडू कॅन्सस सिटीला देऊन जो फॉय याला आणले. फॉय एका हंगामात संपला. ओटिस कॅन्सस सिटीत पाच वेळा वर्षातल्या निवडक खेळाडूंत गणला गेला. एवढे होऊनही १० डिसेंबर १९७१ रोजी मेट्सने त्याच भगदाडासाठी तसाच सौदा पुन्हा केला. रायन आणि त्याच्यासोबत आणखी तीन तरुण कॅलिफोर्निया एंजल्सला दिले आणि बदल्यात जिम फ्रेगोसी घेतला.

फ्रेगोसीचे नाव मोठे होते. सहा वेळा निवडकांच्या सामन्यात खेळलेला, वय २९. पण तो तिसऱ्या तळावरचा नव्हे, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधल्या जागेवरचा खेळाडू. शिवाय त्याच वर्षी त्याच्या पायात गाठ होऊन शस्त्रक्रिया झाली होती आणि खेळ खालावला होता. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. मेट्सने नाव बघितले. पुढच्या हंगामाआधीच्या सरावात चेंडू लागून फ्रेगोसीचा अंगठा मोडला. १९७२ मध्ये तो १०१ सामने खेळला, बेताचाच खेळला, आणि जुलै १९७३ मध्ये मेट्सने त्याला टेक्सासच्या संघाला विकून टाकले.

आणि रायन? एंजल्सकडे त्याला ठरलेली पाळी मिळाली. टॉम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने त्याच्या फेकीतला दोष धरला. फेकताना शरीर पुढे धावायचे आणि हात मागे राहायचा, तेव्हा नेम सुटायचा. यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा जेफ टॉर्बर्ग याचीही मदत झाली. १९७२ मध्ये रायनने १९ सामने जिंकले, ३२९ फलंदाजांना चेंडू लागू न देता बाद केले आणि सरासरी २.२८ वर आणली. पुढच्या वर्षी असे ३८३ बाद, म्हणजे नवा उच्चांक. १९९३ मध्ये थांबला तेव्हा एकूण ५,७१४ बाद. एकही फटका नीट लागू न देता संपवलेले सामने सात, त्यांतला शेवटचा वयाच्या ४४ व्या वर्षी. या सगळ्या काळात टेक्सासात त्याचा गुरांचा व्याप चालूच होता, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आवडावे.

लोक ही गोष्ट इथेच संपवतात आणि मेट्सला मूर्ख ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. एक तर रायनची खोड पूर्ण गेलीच नव्हती. १९७२ च्या त्या सोन्यासारख्या वर्षातही त्याने १५७ फलंदाजांना फुकट तळ दिला, आणि साऱ्या आयुष्यात २,७९५, जो आजही उच्चांक आहे. एंजल्सने त्या खोडीसकट त्याला पाळीवर ठेवले, फरक एवढाच. दुसरे असे की रायन गेल्यावर मेट्स काही बुडाले नाहीत. १९७३ मध्ये ते अंतिम मालिकेत पोचले आणि ओकलंडशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. रायन मात्र एंजल्सकडे आठ वर्षे होता, त्यात संघाने आपल्या गटाचे अजिंक्यपद एकदाच, १९७९ मध्ये, मिळवले, आणि तिथून पुढे मजल गेली नाही. २७ हंगामांच्या आयुष्यात रायन अंतिम मालिका जिंकला ती एकदाच, १९६९ साली, मेट्सकडूनच.

तेव्हा मेट्सची चूक कोणती? रायन मोठा होईल हे ओळखले नाही, ही नव्हे. भविष्य कोणालाच दिसत नाही. चूक ही, की २४ वर्षांचा, हात शाबूत असलेला माणूस दिला आणि बदल्यात दुखऱ्या पायाचा माणूस घेतला. डिसेंबर १९७१ मध्ये जी माहिती समोर होती तिच्यावरूनसुद्धा हा सौदा तोट्याचा दिसत होता. घरातल्याचे दोष रोज डोळ्यांपुढे असतात म्हणून मोठे वाटतात, आणि परक्याचे नाव दुरून ऐकलेले म्हणून झाकले जाते. नड असली की हे आणखी होते.

याच्या उलट बाजूची गोष्ट सँडी कोफॅक्स याची. डिसेंबर १९५४ मध्ये ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने या १८ वर्षांच्या डावखुऱ्या पोराला घेतले. त्या वेळचा नियम असा, की ठराविक रकमेपेक्षा जास्त पैसे मोजून घेतलेल्या नवख्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवले पाहिजे. खालच्या संघात शिकायला पाठवता येत नसे. म्हणजे ज्याने गावच्या तालमीत घुमायचे त्याला एकदम जत्रेच्या फडात उभे केले. १९६० अखेर कोफॅक्सचे ३६ विजय आणि ४० पराभव. त्या हंगामानंतर तो इतका वैतागला की खेळायचे सामान कचऱ्यात टाकून निघून गेला. संघाच्या कपडेपट्टीची व्यवस्था पाहणाऱ्या नोबे कावानो याने ते गुपचूप उचलून ठेवले म्हणून पुढचे सगळे घडले.

१९६१ च्या हंगामाआधी एका सराव सामन्यात नॉर्म शेरी या सहकाऱ्याने त्याला साधी गोष्ट सांगितली. इतका जोर लावू नकोस, जरा हलक्या हाताने फेक. हलक्या हाताने फेकल्यावर चेंडू चौकटीत पडू लागला आणि वेग जवळजवळ तेवढाच राहिला. त्या वर्षी १८ विजय. १९६३ मध्ये २५ विजय आणि फक्त पाच पराभव. १९६५ मध्ये ३८२ बाद, जो उच्चांक आठ वर्षांनी रायनने बरोबर एकाने मोडला. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, कोपराच्या सांधेदुखीमुळे वयाच्या तिसाव्या वर्षी तो थांबला. सहा वर्षे वाट पाहिली, सहा वर्षे पीक घेतले.

गंमत अशी, की ती सहा वर्षे कोफॅक्सला राखणाऱ्या डॉजर्सचा कारभारी होता बझी बव्हासी. हाच बव्हासी १९७९ मध्ये एंजल्सचा कारभारी होता. त्या वर्षी रायनचे १६ विजय आणि १४ पराभव झाले आणि करार संपला. बव्हासीने हिशेब मांडला, की आठ जिंकणारे आणि सात हरणारे दोन साधे पिचर आणले की भरपाई झाली. गणित बरोबर होते. रायन ह्यूस्टनला गेला, वर्षाला दहा लाख डॉलर पगार घेणारा पहिला बेसबॉलपटू ठरला आणि आणखी चौदा हंगाम खेळला. आपण चुकलो हे बव्हासीने पुढे उघडपणे मान्य केले. ज्याने एकदा धीर धरून मोती मिळवला त्यालाही दुसऱ्या वेळी धीर धरता आला नाही.

मग धीरच धरावा असे म्हणावे, तर पिट्सबर्गच्या स्टीव्ह ब्लासची गोष्ट आडवी येते. १९७१ च्या अंतिम मालिकेत बाल्टिमोरविरुद्ध तिसरा आणि सातवा असे दोन सामने याने एकट्याने पूर्ण फेकून जिंकून दिले. १९७२ मध्ये १९ विजय, सरासरी २.४९. आणि १९७३ मध्ये अचानक चेंडू चौकटीत पडेना. ८८ डावांत ८४ फुकट तळ, तीन विजय, सरासरी ९.८५. हात दुखत नव्हता. सरावात एकट्याने फेकताना सगळे ठीक, सामन्यात फलंदाज समोर आला की बिघाड. शिक्षकांनी फेक तपासली, ध्यानधारणा करून झाली, काही उपयोग झाला नाही. आदल्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी संघाचा लाडका रॉबर्टो क्लेमेंटे निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला होता. कोणी त्या धक्क्याशी याचा संबंध जोडला. खरे कारण कोणाच्याच हाती लागले नाही.

पिट्सबर्गने ब्लासला दिले नाही, पाळी देत राहिले. १८ सामन्यांची सुरुवात त्याच्या हातून झाली. हंगाम संपला तेव्हा त्या गटात पिट्सबर्ग अडीच सामन्यांनी मागे पडले होते, आणि पुढे होते ते आपले मेट्स. म्हणजे या धीराची किंमत जवळजवळ अख्ख्या हंगामाएवढी पडली. १९७४ मध्ये ब्लास एकच सामना खेळला आणि १९७५ च्या सुरुवातीला त्याचा खेळ कायमचा थांबला. पण घराशी तुटला नाही. पुढे त्याच संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन त्याने २०१९ पर्यंत केले. दिला असता तर ही जागा त्याला मिळाली असती का, कोण जाणे.

या तिघांना शेजारी उभे केले की माझ्या मते एक फरक दिसतो. कोफॅक्स आणि रायन यांचा दोष पहिल्यापासूनचा होता, न शिकवलेल्या खोंडासारखा. जू मानेवर बसले नव्हते एवढेच. असा खोंड मार खातो म्हणून पडत्या भावात देऊ नये. आधी शिकवणारा बदलून पाहावा, रोजची पाळी देऊन पाहावी. ब्लास हा चांगला चालणारा, शिकलेला, आणि एके दिवशी रस्त्यात बसलेला. तिथे शिकवण्यासारखे काही उरलेले नव्हते. त्याला राखायचा तर माणुसकीने राखावा, पण त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

आता पत्रातल्या त्या बोचऱ्या प्रश्नाकडे. माणूस बैल आहे का? १९७१ मध्ये कायद्याने जवळजवळ होता. एकदा एका संघाशी करार केला की तो संघ सोडीपर्यंत खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे, आणि संघ मात्र त्याला विचारल्यावाचून कुठेही पाठवू शके. रायनचा सौदा झाला तेव्हा त्याच्या घरी थोडक्या दिवसांचे तान्हे मूल होते. बायको-मुलाला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला जा, म्हणजे जा. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला असेच फिलाडेल्फियाला दिले, तेव्हा आपण कोणाची मालमत्ता नाही असे कळवून त्याने जायचे नाकारले. कोर्टात गेला, १९७० चा सारा हंगाम घरी बसला. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. फ्लडचा खेळ त्यातच गेला. पण त्याने उकरलेली जमीन वाया गेली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपल्यावर आपल्या मर्जीने जायची वाट उघडली. रायन १९७९ मध्ये ह्यूस्टनला गेला तो याच वाटेने, आपल्या गावाजवळ. करार चालू असताना मात्र अदलाबदल आजही होते. दहा वर्षे वरच्या दर्जाचा खेळ आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली असतील तर खेळाडूला 'नाही' म्हणण्याचा हक्क मिळतो.

आता तर प्रत्येक फेकीचे चित्रण होते, चेंडू किती फिरला तेही यंत्र सांगते. म्हणून निर्णय चुकायचे थांबले असतील असे कोणाला वाटेल. २०१३ साली बाल्टिमोरकडे जेक अरिएटा नावाचा पिचर होता. आदल्या वर्षी तीन विजय, नऊ पराभव. त्या वर्षी पाच सामन्यांत सरासरी ७.२३. तो अंगावरून आडवा हात आणून फेकत असे, आणि बाल्टिमोरचे शिक्षक ती लकब मोडून सरळ करू पाहत होते. २ जुलै २०१३ रोजी त्याला आणखी एका पिचरसह शिकागो कब्जला दिले आणि बदल्यात स्कॉट फेल्डमन हा चालता पिचर व एक राखीव खेळाडू घेतला. बाल्टिमोरला त्याच हंगामात वर जायचे होते, थांबायला वेळ नव्हता. फेल्डमनने पाच सामने जिंकले, सहा हरले. संघ बाद फेरीत पोचला नाही, आणि हंगाम संपताच फेल्डमन करार संपवून निघून गेला.

शिकागोने अरिएटाला त्याच्या लकबीप्रमाणे फेकू दिले. २०१५ मध्ये २२ विजय, सहा पराभव, सरासरी १.७७, आणि वर्षातल्या उत्तम पिचरचा मान. २०१६ मध्ये शिकागोने १९०८ नंतर पहिल्यांदा अंतिम मालिका जिंकली, त्यातले दोन सामने अरिएटाचे. पुढे तो फिलाडेल्फियाला गेला, तीन वर्षे तिथे खेळला, आणि २०२१ मध्ये शिकागोने जुन्या ओळखीने त्याला परत बोलावले. वय ३५, पाच विजय, अकरा पराभव, सरासरी ६.८८. ऑगस्टमध्ये त्याला मोकळे केले. या खेपेला बदल्यात काय मिळेल यावर कोणी अंगणात उभे राहून वाद घातला नसावा.